काळ्या झिलईची काताकुची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या ओट्यावरच्या फळीवर एक काळं मातीचं भांडं असतं. वाडग्यासारखं, पण एका बाजूला चोच काढलेलं. घरी येणारं जवळजवळ प्रत्येक माणूस ते उचलतं, उलटंपालटं करून बघतं आणि विचारायला लागतं. मी चाकावर माती घेऊन बसायला लागल्यापासून तर ओळखीपाळखीचेही विचारतात. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

काताकुची म्हणजे नेमकं काय?

जपानी भाषेत ‘काता’ म्हणजे दोनपैकी एक बाजू आणि ‘कुची’ म्हणजे तोंड. एकाच बाजूला तोंड असलेलं, ते काताकुची. याला कान नाही, मूठ नाही, झाकण नाही. वाडगा आणि चोच, संपलं.

मूळचं हे स्वयंपाकघरातलं कामाचं भांडं. सोया सॉस, व्हिनेगर, तेल, साके (तांदळाचं मद्य) हे सगळं पूर्वी लाकडी पिंपांत किंवा मोठ्या रांजणांत असायचं. त्यातून लहान तोंडाच्या बाटलीत किंवा सुरईत काढायचं तर मध्ये असं एक भांडं लागायचं: वरून रुंद, म्हणजे भरताना सांडणार नाही, आणि बाजूला चोच, म्हणजे ओतताना धार नेमकी पडेल. पाहुण्यांसमोर ठेवायची ही वस्तू नव्हती. पुढे ती पानात आली. आज जपानी घरांत काताकुचीतून साके ओततात, तिच्यात उकडलेल्या भाज्या वाढतात, कुणी फुलंही ठेवतात.

जाता जाता, मासे खाणाऱ्यांसाठी: जपानी लोक ज्या लहान माशाला ‘काताकुची इवाशी’ म्हणतात, तो आपल्या मांदेलीच्याच कुळातला. त्याचा खालचा जबडा इतका लहान असतो की तोंड एकाच बाजूला आहे असं वाटतं. तेच नाव, तेच कारण.

म्हणजे ही चहाची किटलीच ना?

नाही. चहाची मूठवाली जपानी किटली म्हणजे ‘क्यूसू’, आणि वरून कमानीसारखा कान असलेली मोठी किटली म्हणजे ‘दोबिन’. साके गरम करून द्यायची अरुंद गळ्याची सुरई म्हणजे ‘तोक्कुरी’. दक्षिणेकडे कागोशिमात ‘कुरोजोका’ नावाची बसकी, काळी किटली असते. तिच्यात शोचू नावाचं मद्य पाणी घालून हळूहळू गरम करतात. तिकडे पांढरी सात्सुमा भांडी सरदारांसाठी आणि काळी सामान्य माणसांसाठी, अशी वाटणी होती. कुरोजोका त्या काळ्या घराण्यातली.

काताकुचीच्या सर्वांत जवळची म्हणजे ‘युझामाशी’, पाणी निववायचं भांडं. ग्योकुरो हा चहा ५० ते ६० अंशांच्या पाण्यात करतात, साधा सेंचा ७० ते ८० अंशांच्या. उकळतं पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात ओतलं की दर वेळी साधारण १० अंश उतरतं. तापमापी नसेल तर हाच हिशेब. आपण गरम दूध दोन भांड्यांत वरखाली करतो, त्यातलीच गोष्ट. काताकुची हे काम आनंदाने करते.

हा काळा रंग कशाचा? रंग लावलेला असतो का?

रंग नाही, लोह आहे. हे समजलं की भांड्याकडे बघायची नजरच बदलते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

झिलई म्हणजे मातीच्या भांड्यावर वितळून बसलेली काच. दगडाची पूड, लाकडाची राख आणि माती पाण्यात कालवून पातळ लेप करायचा, भांडं त्यात बुडवायचं किंवा वरून ओतायचं, आणि १२३० ते १२८० अंशांपर्यंत भाजायचं. लेपातली सिलिका वितळते. राखेतला चुना तिला लवकर वितळायला लावतो. यात लोहाचा ऑक्साइड एक-दोन टक्के असेल आणि भट्टीत हवा कमी सोडली, तर झिलई निळसर हिरवी होते. तेच लोह आठ-दहा टक्क्यांवर गेलं की काळी. म्हणजे सेलेडॉन नावाच्या त्या झिलईचा नाजूक हिरवा आणि हा गडद काळा, दोघांचं मूळ एकच. आपल्या लोणच्याच्या बरणीवरचा तपकिरी पट्टाही लोहाचाच.

पण हा काळा कधी सपाट नसतो. उन्हात धरून बघा. खोल भागात तो शाईसारखा दिसतो, उतारावर चॉकलेटी, आणि जिथे झिलई ओघळून थबकली आहे तिथे काळपट निळा. लेप किती जाड बसला, भट्टीत ते भांडं कुठे ठेवलं होतं, थंड व्हायला किती वेळ लागला, या सगळ्यावर ते ठरतं. एकाच दिवशी, एकाच भट्टीतून निघालेल्या दोन काताकुच्या शेजारी ठेवल्या तरी वेगळ्या दिसतात.

दुकानदार ‘तेम्मोकू’ म्हणतात ते काय?

काळ्या लोहझिलईचं सर्वांत प्रसिद्ध नाव. चीनच्या झेजियांग प्रांतात तियानमू नावाचा डोंगर आहे. कामाकुरा काळात (बारावं ते चौदावं शतक) जपानी झेन भिक्षू तिथल्या मठांत शिकायला जायचे आणि परतताना तिथले काळे चहाचे वाडगे आणायचे. डोंगराच्या नावाचा जपानी उच्चार तेम्मोकू, तेच वाडग्यांचं आणि पुढे झिलईचंही नाव झालं. गंमत म्हणजे ते वाडगे त्या डोंगरावर घडत नव्हते, ते दक्षिणेला फुजियान प्रांतातल्या भट्ट्यांमधून यायचे. जपानमधल्या सेतो या भट्ट्यांच्या गावातल्या कुंभारांनी पुढे त्यांची नक्कल करायला घेतली, आणि करता करता स्वतःचा काळा सापडला.

तेम्मोकूत पोटप्रकार आहेत. पाण्यावर तेलाचे थेंब तरंगावेत तसे रुपेरी ठिपके असलेली ती ‘युतेकी’. १२३० अंशांच्या आसपास लोहाचा ऑक्साइड प्राणवायू सोडायला लागतो, बुडबुडे वर येतात आणि सोबत लोह पृष्ठभागावर आणून सोडतात. त्याचे ते ठिपके. झिलई खाली सरकताना बारीक रेघा उमटल्या तर ‘नोगिमे’, म्हणजे धान्याच्या कुसळासारखी. सर्वांत दुर्मीळ ती ‘योहेन’, काळ्यावर निळी-जांभळी झळाळी. जपानने राष्ट्रीय ठेवा म्हणून जाहीर केलेले असे तीनच वाडगे आहेत. त्यामुळे कुणी बाजारात स्वस्तात ‘योहेन’ म्हणून काही देऊ केलं, तर ती त्या झळाळीची आठवण करून देणारी आजची झिलई आहे एवढंच समजा.

काठावर तपकिरी रेघ आहे. झिलई झिजली का?

नाही, हीच तर खूण. वितळलेली झिलई काठावरून खाली ओघळते आणि तिथे पातळ उरते. पातळ थरात काळा टिकत नाही, गंजाचा तपकिरी उजळून येतो. चोचीच्या टोकावर, अंगावरच्या बोटांच्या वळ्यांवर, जिथे जिथे कड आहे तिथे ती रेघ दिसेल. कुंभाराने भांड्याला आकार कसा दिला, ते झिलई अशी रेघ ओढून दाखवते.

चोच बघायची ती कशी?

माझ्या मते काताकुचीत बघायची गोष्ट ही एकच. रंग, सही, गावाचं नाव हे सगळं नंतर.

ओतणं थांबवलं की शेवटचा थेंब कुठे जातो? चांगल्या चोचीत तो तुटतो आणि परत आत जातो. वाईट चोचीत तो कडेखाली वळतो, भांड्याच्या पोटावरून घरंगळतो आणि टेबलावर डाग पाडतो. द्रवाला पृष्ठभागाला चिकटून राहायची ओढ असते. कड गोल आणि जाड असली की त्याला वळायला वाट मिळते, धारदार असली की मिळत नाही. पण फार धारदार कड झिलई धरत नाही आणि टवके उडतात. कुंभाराचं कौशल्य या दोहोंच्या मध्ये आहे. शिवाय चोचीचं टोक किंचित खाली झुकलेलं हवं, आतली पन्हळ टोकाकडे अरुंद होत गेलेली हवी, आणि झिलईचा जाड थेंब टोकावर गोठलेला नको.

चोच करायच्या दोन रीती. पहिली, ओल्या वाडग्याचा काठ दोन बोटांत धरून तिसऱ्या बोटाने बाहेर ओढायचा. सोपी वाटते, मी शंभरेक वेळा केली तेव्हा कुठे एक धड जमली. दुसरी जुन्या लोकभांड्यांतली: वाडगा जरा वाळू द्यायचा, काठाच्या खाली भोक पाडायचं आणि वेगळी केलेली पन्हळीसारखी चोच बाहेरून जोडायची. यात वरचा काठ अखंड गोल राहतो आणि चोच त्याच्या खालून बाहेर डोकावते. अशी काताकुची दिसायला ठसठशीत आणि मजबूत. फक्त भरताना लक्षात ठेवायचं की पातळी चोचीच्या वर गेली तर तिथूनच वाहील.

मी घेतलेली पहिली काताकुची दिसायला देखणी होती आणि दर वेळी गळायची. दुकानात पाणी ओतून बघू द्या म्हणायला मला संकोच वाटला होता. तुम्ही संकोच करू नका. जपानमधल्या कुंभारांना असं विचारलेलं आवडतं, असा माझा अनुभव आहे.

ही कुठे घडते?

जपानभर. पण काळी, रोजच्या वापराची काताकुची म्हटली की मला दोन गावं आठवतात.

एक माशिको, टोकियोच्या उत्तरेला तोचिगी प्रांतात. इथे १८५३ च्या सुमारास भट्टी सुरू झाली आणि पुढे हे गाव टोकियोच्या स्वयंपाकघरांना रांजण आणि काताकुच्या पुरवत राहिलं. १९२४ मध्ये कुंभार हामादा शोजी इथे येऊन राहिले. त्याआधी ते इंग्लंडमध्ये तिथले कुंभार बर्नार्ड लीच यांच्याबरोबर भट्टी उभारून आले होते. मनात आणलं असतं तर ते कुठेही जाऊन कलावंत म्हणून राहू शकले असते, पण त्यांनी हे साध्या भांड्यांचं गाव निवडलं आणि इथलीच माती, इथल्याच झिलया वापरल्या: गंजासारखी ‘काकी’, तुसाच्या राखेची पांढरी आणि काळी. १९५५ मध्ये जपान सरकारने त्यांना जिवंत राष्ट्रीय ठेव्याचा मान दिला. विचारवंत यानागी सोएत्सु आणि हामादा ज्या मिंगेई (लोककला) चळवळीत होते, तिचं म्हणणं असं की अनाम कारागिराने वापरासाठी केलेल्या वस्तूत जे सौंदर्य येतं, ते मुद्दाम आणता येत नाही. माशिकोची काळी काताकुची हातात घेतली की ते पटतं. २०११ च्या भूकंपात इथल्या अनेक भट्ट्या ढासळल्या, पण गाव पुन्हा उभं राहिलं.

दुसरं ओंता, क्यूशू बेटावर ओइता प्रांतातलं डोंगरातलं खेडं. १७०५ पासून इथे भांडी घडतात आणि आजही मोजकीच घरं हे काम करतात, बापाकडून मुलाकडे. ओढ्याच्या काठाने ‘कारा-उसु’ बसवलेले आहेत. एक मोठा ओंडका, एका टोकाला कोरलेला खळगा. खळगा पाण्याने भरला की ते टोक खाली जातं, पाणी सांडतं, आणि दुसरं टोक धप्पकन मातीवर आदळतं. आपल्या उखळ-मुसळासारखंच, फक्त मुसळ उचलतो तो ओढा. रात्रंदिवस हा आवाज गावात चालू असतो. जपानने १९९६ मध्ये जपायला हवेत असे १०० आवाज निवडले, त्यात हा आहे. ओंताच्या भांड्यावर कुंभाराची स्वतःची सही नसते.

पुण्यात ओकायामाच्या नावाची बाग आहे. तिथली भांडी अशीच असतात का?

छान प्रश्न, आणि उत्तर उलटं आहे. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान पुणे-ओकायामा मैत्रीची बाग म्हणूनही ओळखलं जातं. ओकायामा प्रांतातच बिझेन आहे, जपानच्या सहा प्राचीन भट्टीस्थानांपैकी एक. पण बिझेनच्या भांड्यांवर झिलई लावतच नाहीत. जी काही चमक आणि लाल-काळे पट्टे दिसतात, ते भट्टीतल्या लाकडाच्या राखेने आणि भांड्यांना गुंडाळलेल्या पेंढ्याने दिलेले. बिझेनचीही काताकुची मिळते आणि ती गडदच असते, पण हाताला सुकी लागते. झिलईची काळी काताकुची हवी असेल तर सहांपैकी सेतोकडे बघा.

वापरायला काढण्याआधी काय करायचं?

झिलई असली तरी आतली माती थोडी पाणी शोषते, आणि तळाच्या बैठकीला झिलई नसतेच. जपानी लोक नवं भांडं तांदळाच्या धुवणात उकळतात. गार धुवणात भांडं बुडवायचं, मंद आचेवर उकळी आणायची, पंधरा-वीस मिनिटं ठेवायचं आणि त्याच पाण्यात निवू द्यायचं. स्टार्च बारीक छिद्रांत बसतो. पातळ पेज वापरली तरी चालते. मग स्वच्छ धुऊन पूर्ण वाळवायचं. पूर्ण म्हणजे पूर्ण, एक दिवस तरी. ओलं भांडं कपाटात ठेवलं की तळाला बुरशीचा वास येतो, आणि तो जाता जात नाही.

रोज वापरण्याआधी साध्या पाण्यात बुडवून काढण्याची सवयही चांगली. माती आधीच पाणी पिऊन बसली की तेल किंवा आमटी पीत नाही.

आपल्या घरात हिचा उपयोग काय? आम्ही साके पीत नाही.

आम्हीही नाही. आमच्याकडची मुख्यतः ताकाची. काळ्या भांड्यात पांढरं ताक, वर कोथिंबिरीची दोन पानं. आई आधी म्हणायची, काळ्या भांड्यात काय खायचं. आता आईच ती काढते. पुरणपोळीच्या दिवशी तिच्यातून दूध, उकडीच्या मोदकांवर पातळ केलेलं तूप. घावनाचं पीठ तव्यावर कडेने सोडायला तर वाटीपेक्षा ही बरी, धार हवी तिथे पडते. खिरीला, साराला, कोशिंबिरीवरच्या निवलेल्या फोडणीला.

निवलेल्या म्हटलं, ते महत्त्वाचं. कडकडीत फोडणी किंवा उकळतं तेल थेट ओतू नका. फ्रीजमधून काढलेल्या भांड्यात गरम आमटीही नको. माती एकीकडे फुगते, दुसरीकडे नाही, आणि चोचीच्या सांध्याला तडा जातो.

सोलकढी, चिंचेचं सार असं आंबट चालेल?

उच्च तापमानाला नीट भाजलेल्या चकचकीत लोहझिलईत चालतं. मी मात्र त्यात रात्रभर ठेवत नाही. वाढायचं आणि धुवायचं. ज्या भांड्याबद्दल शंका आहे, त्याची एक परीक्षा घ्या: लिंबाची चकती आतल्या झिलईवर रात्रभर ठेवा. सकाळी तिथे फिकट किंवा खरखरीत डाग पडला तर ते भांडं फुलांसाठी. डाग नाही पडला म्हणजे सगळं सुरक्षित, असं मात्र त्यावरून सिद्ध होत नाही. पूर्ण मंद, खडूसारखा काळा असेल तर त्यात मँगनीज किंवा तांबं जास्त असू शकतं. घेताना विचारून घ्या.

मायक्रोवेव्ह, डिशवॉशर?

दोन्ही नको. मऊ स्पंज, कोमट पाणी.

केवढी घ्यावी?

साके मोजायचं जपानी माप ‘गो’, म्हणजे १८० मिलिलिटर. लहान काताकुच्या एक ते दोन गोच्या असतात. चार माणसांच्या ताकाला ते पुरत नाही. आपल्या घरासाठी ५०० ते ७०० मिलिलिटरची बघा, पण भरून एका हाताने उचलता येते का ते आधी पाहा. मूठ नसल्यामुळे वजन सगळं बोटांवर येतं.

तळाने टेबलावर ओरखडे पडतात.

बैठक खडबडीत असणारच. तिथे झिलई लावली तर भांडं भट्टीच्या फळीला चिकटेल. बारीक पॉलिश पेपर पाण्यात भिजवून गोल गोल फिरवा, पाच मिनिटांत गुळगुळीत होते. आणि ती बैठक एकदा नीट बघा. झिलईखाली कुठली माती आहे हे फक्त तिथेच दिसतं.

चोचीचा टवका उडाला. आता?

टाकू नका. किंत्सुगीबद्दल ऐकलं असेल: उरुशी नावाच्या झाडाच्या चिकाने तुकडा जोडायचा किंवा खळगा भरायचा, आणि वर सोन्याची पूड. उरुशी हवेतल्या दमटपणाने घट्ट होते, म्हणून तुकडे उबदार, ओलसर पेटीत ठेवतात आणि काम आठवडे, कधी महिने चालतं. कच्ची उरुशी अंगाला लागली तर पुरळ येतो, त्यामुळे शिकल्याशिवाय हात घालू नका. ऑनलाइन मिळणाऱ्या ‘किंत्सुगी किट’मध्ये बहुधा इपॉक्सी असतं. दिसायला तसंच, पण ते खाण्यापिण्याच्या भांड्यासाठी आहे असं पाकिटावर स्पष्ट लिहिलेलं नसेल, तर जिथे ताक लागेल तिथे मी ते वापरणार नाही. काळ्यावर सोन्याची रेघ फार सुंदर दिसते, पण चोचीच्या टोकावर केलेली दुरुस्ती धार बिघडवू शकते. तशी बिघडली तर ती वाढायचा वाडगा म्हणून वापरा.

भारतात असं काम होतं का?

होतं, आणि त्याला जपानशी सरळ धागा आहे. दिल्लीचे सरदार गुरचरण सिंग १९१९ च्या सुमारास जपानला गेले आणि तिथे लीच, हामादा, यानागी यांच्या सहवासात आले. पुढे दिल्ली आणि हिमाचलातलं आंद्रेटा इथे त्यांचं काम रुजलं. पाँडिचेरीची गोल्डन ब्रिज पॉटरी १९७१ मध्ये रे मीकर आणि डेबोरा स्मिथ यांनी सुरू केली. डेबोरा स्मिथ जपानमध्ये बिझेनला शिकल्या होत्या. आज मुंबई-पुण्यात स्टोनवेअर (उच्च तापमानाला भाजलेली भांडी) करणारे बरेच जण त्या परंपरेतून शिकलेले, किंवा तिथे शिकलेल्यांकडून शिकलेले आहेत. तेम्मोकूची झिलई त्यांच्यापैकी अनेकांच्या बादलीत असते. आकाराचं चित्र काढून द्या आणि चोचीबद्दल वर लिहिलं आहे ते सांगा.

जपानला जाणं होणार असेल तर माशिकोची भांड्यांची जत्रा वर्षातून दोनदा भरते, एप्रिल-मेच्या सुट्टीत आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला. तिथे कुंभार स्वतः बसलेले असतात.

मी डावखुरा आहे. मला चालेल?

तुम्हाला तर सर्वांत आधी. मूठवाल्या क्यूसूची मूठ बहुधा उजव्या हातासाठीच बसवलेली असते. काताकुचीला मूठच नाही. ती फिरवून चोच डाव्या अंगाला घेतली की झालं. अंगठा काठावर, चार बोटं पोटाखाली, आणि भरलेली असेल तर दुसऱ्या हाताची बोटं तळाला.